बारा पॉइंट दोन

जुगूळच्या घाटाला नाव लागते तेव्हा
मी माणसं नंतर मोजते, आधी मीटर लावते.
लाल वायर, काळी वायर.
आकडा थांबेपर्यंत ह्यांनी बोलायचं नाही.

कागवाडच्या दस्तगीरनं शिकवलं मला.
ह्यांनाही शिकवत होता, पण हे बिडी शोधत होते.
म्हणाला, वैनी, ट्रकची बॅटरी पैलवान असती,
एकदा उचलून आपटलं की तिचं काम झालं.
ही तशी न्हवं. ही दळायला बसलेली बाई.
हळू, पण तासन् तास.
फक्त सूप अर्धं झालं की तिला उठू द्यायचं.

अर्धं म्हणजे किती?
बारा पॉइंट दोन.
मी ते चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं,
दुधाच्या हिशोबाखाली.

जत्रेच्या रात्री भिंत कुणी बघितली?
ह्या काठाला अक्का, वंद सल.
त्या काठाला ताई, एकच खेप.
नारळ, पिपाण्या, झोपलेली पोरं खांद्यावर,
बारा, अकरा पॉइंट आठ,
मग मोटरचा आवाज घशात बसल्यासारखा झाला
आणि नाव मधोमध उभी.
तेवढ्यात सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले,
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
लोक हसले. मग कृष्णेचा आवाज ऐकू आला
आणि कुणी हसेना.

वल्ह्यानं आणलं त्यांना काठाला. हात सोलून निघाले.
त्या रात्री आम्ही मेल्यासारखे झोपलो.
अकराला करंट आला, चारला गेला,
चार्जर खुंटीला तसाच.
दुसरी रात्र तशीच. तिसरीपण.

दस्तगीरनं बुचं उघडली, आत बॅटरीचा उजेड पाडला.
पत्र्यांवर पांढरं, खारवलेल्या भिंतीसारखं.
रिकामी झाली ह्यात चूक न्हाई वैनी, तो म्हणाला,
रिकामी ठेवली ही चूक.

चारातल्या दोन गेल्या.
ह्यांना वाटलं, दोन नव्या आणू, बसवू.
तो म्हणाला, एका जुवाला म्हातारं आणि खोंड बांधता का?
म्हणून चारी बदलल्या.
बांगड्यांबद्दल मी इथं लिहिणार नाही.

आता अकराला मी उठते.
खिडकी उघडी, बुचं सैल, बिडी अंगणात.
आधी ती घटाघटा पिते, चार्जर गरम होतो,
मग घोट घोट,
पहाटे नुसते ओठ ओले करते.
आतून भाताच्या आधणासारखा बारीक आवाज येतो,
त्या आवाजावर मला डुलकी लागते.
पाणी घालायचं ते पोट भरल्यावर, आधी नाही,
आधी घातलं की उतू जातं
आणि पदराला चाळण पडते.
माझे तीन पदर गेलेत.

आणि चार्जर काढल्या काढल्या मीटर लावायचा नाही.
तेव्हा तेरा दाखवते, छाती फुगवून.
पाहुणे गेल्यावर घर कसं दिसतं ते खरं.
भाकरी होऊ द्यायची, धुणं होऊ द्यायचं,
मग लावायचा. बारा पॉइंट सात.
तेवढा दिवस माझा.

नाही म्हणायला दोन्ही भाषांत शिकले.
ह्या काठाला बेडरी, त्या काठाला नको.
पहिल्यांदा जीभ अडली.
ज्या बाईला नाही म्हटलं ती माहेरची निघाली.

आज दिवे लागलेत. बारा पॉइंट दोन.
पलीकडं एक पोरगं, सायकल, हँडलला औषधांची पिशवी.
हाक मारत नाही. नुसतं उभं आहे.
हे माझ्याकडं बघतात. मी भिंतीकडं बघितल्यासारखं
नदीकडं बघते.

मामंजी खोकतात,
पडवीतला वेळू काढतात
जो आम्ही दोनदा सरपणात टाकला होता,
आणि कुणाला न विचारता नावेत चढतात.

मी दोन्ही वायरी सोडवते.
नाव निघते. बॅटरीला कळत नाही.